आवाज नेमका कुठला?



आपल्यापैकी काहींच्या अंगणात अजून जुनी मारुती ८०० उभी असते. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे त्यांतली सर्वांत धाकटी गाडीदेखील आता जुन्यात जमा झाली. तीन सिलिंडरचे ७९६ सी.सी.चे तिचे इंजिन मुळातच थोडे थरथरते, त्यामुळे घरच्यांना तिच्या आवाजांची सवय झालेली असते. मग एखाद्या सकाळी नवीनच टकटक ऐकू येते. थोरला म्हणतो टॅपेट, धाकटा म्हणतो सायलेन्सर, शेजारी म्हणतो इंजिन गेले, विकून टाका. गाडीचे बॉनेट मात्र अजून कोणीच उघडलेले नसते!

चांगला मिस्त्री आधी पाना हातात घेत नाही. तो विचारतो, आवाज कधीपासून येतो? सकाळी गार इंजिनावर येतो की तापल्यावर? चढावर वाढतो का? मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेल्या पित्याला प्रभू येशू असेच विचारतो, की ह्याला हे किती काळापासून होत आहे? सर्व जाणणाऱ्या प्रभूला ह्या प्रश्नाची गरज नव्हती. गरज त्या पित्याला होती. उत्तर देताना त्याला सगळे पहिल्यापासून आठवावे लागले. आपण पापनिवेदनाला जातो तेव्हा 'राग केला, खोटे बोललो' एवढे घाईत सांगून मोकळे होतो. राग कधी येतो, कोणावर येतो, थकल्यावर येतो की पैशांचा विषय निघाल्यावर, हे आपण स्वतःलाही विचारलेले नसते.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये ठेवून रेस द्यावी. रेसबरोबर आवाज वाढला तर खोट इंजिनाच्या बाजूची. उभ्या गाडीत आवाजच नाही आणि चाके फिरू लागली की येतो, तर तो इंजिनाचा नव्हेच. चाकाचे बेअरिंग असेल, नाहीतर टायरच्या खाचेत अडकलेला खडा! एका खड्यापायी इंजिन खोलायला निघालेले लोक आम्ही पाहिले आहेत. घरातही असेच होते. सुनेच्या स्वभावात खोट शोधत बसतो, आणि खडा असतो भलतीकडेच.

इंजिनाचा आवाज ठरला तर मग कान लावायचा. मिस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या अंगाला टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो. डॉक्टरांच्या नळीसारखे ते काम करते. धातूतून आवाज सगळीकडे पसरतो, म्हणून जिथे ऐकू येतो तिथेच दोष असेल असे नाही. एकेका जागी टेकवून तो कुठे सर्वांत ठळक आहे हे पाहावे लागते. (हे करताना पट्ट्याजवळ सैल बाही किंवा ओढणी नको.) पट्टा काढून इंजिन काही सेकंदच चालवले आणि आवाज थांबला, तर दोष पट्ट्यावर चालणाऱ्या वस्तूंत, म्हणजे अल्टरनेटरच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगमध्ये. पावसाळी सकाळी चिरकणारा आवाज बहुधा सैल पट्ट्याचा असतो. खोलवरून येणारा, चढावर वाढणारा जड ठोका मात्र कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. एकेका प्लगची वायर काढून पाहिली आणि एका सिलिंडरपाशी ठोका मंदावला, तर रोगी सापडला. तशी गाडी पुढे चालवू नये.

टॅपेटविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. ती टकटक हलकी, इंजिनाच्या डोक्यावरून येणारी आणि क्रँकच्या निम्म्या गतीची असते, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमची एकच फेरी होते. व्हॉल्व्हपाशी केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. धातू तापला की वाढतो. त्याला जागा हवी. फट वाढली की टकटक वाढते. पण एखादा अर्धवट मिस्त्री मालकाला खूश करण्यासाठी फट पार मिटवून टाकतो. इंजिन अगदी गप्प होते, मालक पैसे देऊन आनंदाने घरी जातो. आता व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, जळता वायू त्याच्या कडेने निसटतो आणि काही महिन्यांत व्हॉल्व्ह जळतो. आवाज न करता! बंधू-भगिनींनो, ज्या घरात कोणी कधीच कुरकुरत नाही, ते घर सुखी आहे असे आपण चटकन समजतो. त्या घरातली पत्नी कधीपासून गप्प झाली आहे, हे एकदा विचारावे.

संत इग्नेशियस लोयोला ह्यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' ह्या पुस्तकात एका दोषासाठी खास आत्मपरीक्षण सांगितले आहे. १५४८ मध्ये पोपमहोदयांनी त्या पुस्तकाला मान्यता दिली. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा आखायच्या, दुपारी आणि रात्री आठवून जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके द्यायचे, मग काल आणि आज ताडून पाहायचे. मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी आठवडाभर अशीच वही गाडीत ठेवली तर त्याचे निम्मे काम हलके होते. टेप मात्र बंद हवा. पुष्कळ जण आवाज नको म्हणून गाणी मोठी करतात.

आणि सर्वांत आधी पट्टी ओढून ऑईल पाहावे. कित्येकदा आवाजाचे कारण तेवढेच असते. ऑईलचा लाल दिवा चालताना लागला तर घर जवळ आले म्हणून दामटू नये, तिथेच इंजिन बंद करावे.

ऑईलचा दुसराही एक उपयोग बाजारात चालतो, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. विकायच्या गाडीत नेहमीपेक्षा जाड ऑईल भरले की बेअरिंगचा ठोका काही दिवस दबतो. घेणारा कान देऊन ऐकतो, समाधानाने पैसे मोजतो. तो बहुधा नवी गाडी न परवडणारा, भाजी नाहीतर दूध पोहोचवून पोट भरणारा माणूस असतो. महिन्याभरात गाडी रस्त्यात बंद पडते. ह्याला व्यवहारचातुर्य म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ख्रिस्तसभा त्याला चोरी म्हणते, आणि चोरीच्या बाबतीत केवळ निवेदन करून भागत नाही. घेतलेले परत करावे लागते. जक्कयने चौपट परत करण्याचे कबूल केले होते. कोणी अशी गाडी विकली असेल तर घेणाऱ्याला ह्याच आठवड्यात गाठून खरे काय ते सांगावे, आणि बेअरिंगचा व मजुरीचा खर्च किती आला ते विचारून पैसे सोबत घेऊनच जावे.