रूप कोणाचे?

नागपूरजवळील रामटेकच्या गडावर श्रीरामचंद्रांसमोर हात जोडताना भाविकांच्या मनात कधी प्रश्न उद्भवतो : न पाहिलेल्या देवाला मानवाने मुख द्यावे काय?

अयोध्येत २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झालेल्या बालरामाचे रूप मुंबईचे चित्रकार श्री. वासुदेव कामत यांच्या रेखाचित्राच्या आधारे शिल्पकार श्री. अरुण योगीराज यांनी साकारले. कामत हे मुळात व्यक्तिचित्रकार. व्यक्तिचित्रासाठी व्यक्ती समोर बसते. देव समोर बसत नाही. तेथे परंपरेने सांगितलेली लक्षणे आणि श्रद्धा हाच आधार.

चित्रावर चित्रकाराची स्वाक्षरी असते. पूजेतील मूर्तीपुढे मात्र घडविणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. ते रूप भक्तांचे होते. कर्तृत्व असे अर्पण करणे हीच पूजा होय. दान देतानाही हाच भाव असावा.