ऋणको धर्मदूत

धर्मकार्यासाठी परदेशी गेलेल्या माणसाने तेथील लोकांना काय दिले, याचा हिशेब मिशनांच्या अहवालांतून सविस्तर मिळतो; बाप्तिस्मे किती झाले, शाळा किती उघडल्या, औषधे किती वाटली, हे सारे त्यांत आकडेवारीने नमूद असते; परंतु त्या माणसाच्या पदरात तेथून काय पडले, याचे सदर अशा दफ्तरात सहसा आढळत नाही. या दुसऱ्या सदराची नोंद स्वतःहून, आणि बऱ्याच अंशी प्रामाणिकपणे, करून ठेवणाऱ्या मोजक्या माणसांत डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांची गणना करावी लागेल.

श्वाइट्झर यांचा जन्म 1875 साली आल्सेस प्रांतात, एका धर्मोपदेशकाच्या घरात झाला. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि संगीत यांची उपासना करावी व त्यानंतरचे आयुष्य प्रत्यक्ष मनुष्यसेवेस द्यावे, असा निश्चय त्यांनी एकविसाव्या वर्षीच केला होता. बाख या संगीतकारावरील त्यांच्या ग्रंथाचे काम चालू होते, ऑर्गनवादक म्हणून युरोपात कीर्ती पसरली होती, स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात अध्यापकाचे स्थान होते. अशा वेळी पॅरिस मिशनरी सोसायटीच्या मासिकातील, फ्रेंच अंमलाखालच्या गाबाँमध्ये माणसे हवीत अशी विनवणी 1904 साली त्यांच्या वाचनात आली, आणि ज्याने दोन विषयांत पांडित्य मिळवले होते तो अध्यापक वैद्यकाच्या वर्गात विद्यार्थी म्हणून जाऊन बसला.

पुढे जे घडले ते मोठे बोधप्रद आहे. येशूच्या चरित्राची ऐतिहासिक चिकित्सा करणारा श्वाइट्झर यांचा ग्रंथ 1906 साली प्रसिद्ध झाला होता. जगाचा अंत निकट आला आहे अशी येशूची धारणा होती, हे त्यातील प्रतिपादन सनातनी मंडळींना मानवण्यासारखे नव्हते, आणि अशा माणसाच्या हाती आफ्रिकेतील नवख्रिस्ती जनांची श्रद्धा सोपवावी काय, असा पेच सोसायटीच्या पंचांपुढे उभा राहिला. अखेर, आपण केवळ डॉक्टर म्हणून जाऊ, धर्मोपदेशाच्या बाबतीत तोंड उघडणार नाही, असा जणू मुचलकाच त्यांनी लिहून दिला, आणि स्वखर्चाने व मित्रांच्या देणग्यांतून इस्पितळ चालवण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांना मंजुरी मिळाली. ज्याच्या वाणीवर विद्यापीठात शिष्य लुब्ध होते, त्याला धर्मसेवेच्या उंबरठ्यावर प्रथम मौन पत्करावे लागले.

1913 च्या वसंतात, परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या पत्नी हेलेन यांच्यासह ते ओगोवे नदीकाठच्या लांबारेने या ठाण्यावर उतरले. इस्पितळाची इमारत तयार नव्हती. कोंबड्यांचे एक रिकामे खुराडे झाडून, चुना फासून तेथेच रोगी तपासण्यास आरंभ झाला, आणि पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रोगी येऊन गेले. हिवताप, निद्रारोग, महारोग, कुजलेले व्रण, अडकलेला अंतर्गळ अशा व्याधींनी ग्रासलेली माणसे डोंग्यांतून कित्येक कोस येत, आणि सोबत आलेली कुटुंबे आवारातच चुली मांडत. जोसेफ नावाचा दुभाषा पूर्वी गोऱ्यांच्या घरी आचारी होता. रोग्याचे अवयव तो खाटकाच्या दुकानातील मांसाच्या तुकड्यांच्या नावांनी सांगे, आणि युरोपातील तो प्रकांड पंडित त्यावरून निदान करी. थोड्याच महिन्यांत तेथील मिशनऱ्यांनीच श्वाइट्झर यांना त्यांच्या मौनाच्या वचनातून मुक्त करून उपदेशास उभे केले. कारण पॅरिसच्या कचेरीत जो मतभेद डोंगराएवढा भासत होता, त्याचे वेदनेने तळमळणाऱ्या माणसापुढे कोणालाच अगत्य उरले नव्हते.

परंतु मौनाहून मोठा धडा ऋणाचा होता. बायबलमधील श्रीमंत मनुष्य आणि त्याच्या दाराशी पडलेला व्रणग्रस्त लाजरस यांच्या दृष्टान्ताचा अर्थ श्वाइट्झर यांनी असा लावला, की युरोप हा तो श्रीमंत आहे आणि आफ्रिका हा तो लाजरस. वैद्यकविद्या आपल्या ताटात असताना दारातल्या दुखणाइताकडे आपण पाहिलेसुद्धा नाही. गोऱ्या व्यापाऱ्यांनी या किनाऱ्यावर गुलामांचा बाजार मांडला, दारू आणली, रोग आणले, अरण्यातील लाकूड वाहून नेले. तेव्हा येथे येऊन औषध देणे हा परोपकार नसून प्रायश्चित्त आहे, असे त्यांनी 1921 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत स्वच्छ लिहिले. धनको म्हणून मिरवत आलेल्या संस्कृतीचा एक पाईक ऋणको म्हणून उभा राहिला, हे त्या प्रवासाचे खरे फलित होय.

या हिशेबाची दुसरी बाजू त्यांना एका वृद्ध आफ्रिकनाने दाखवली. 1914 साली महायुद्ध पेटताच, जर्मन प्रजाजन म्हणून श्वाइट्झर दांपत्यावर त्यांच्याच घरात पहारा बसला; प्रेमाची शुभवार्ता सांगणारे गोरे एकमेकांचे गळे का कापतात, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. त्या भागातून लढाईवर गेलेले दहा गोरे पडल्याचे ऐकून तो वृद्ध चकित झाला. त्याच्या समाजात दोन्ही पक्षांना एकमेकांच्या मृतांची भरपाई द्यावी लागे, म्हणून इतक्या मेलेल्यांची भरपाई हे लोक कोठून करणार, अशी त्याला चिंता पडली. ज्याला युरोप रानटी म्हणत होता, त्याच्या न्यायात प्रत्येक प्रेताला मोल होते. संस्कृतीच्या अधोगतीचा विचार श्वाइट्झर यांच्या मनात पूर्वीपासून घोळत होताच. 1915 च्या सप्टेंबरात, एका रुग्ण मिशनरी स्त्रीकडे जाताना, सूर्यास्ताच्या वेळी पाणघोड्यांच्या कळपातून नाव वाट काढीत असता, ‘जीवनाविषयी आदर’ हे सूत्र त्यांना स्फुरले. अहिंसेच्या आज्ञेला मानवाच्या आध्यात्मिक इतिहासात त्यांनी पुढे फार मोठे स्थान दिले, आणि जैन परंपरेचा त्यासाठी गौरव केला. तथापि भारतीय विचार मूलतः जगाकडे पाठ फिरवणारा आहे, या त्यांच्या मताचे डॉ. राधाकृष्णन यांनी 1939 सालच्या आपल्या ग्रंथात सप्रमाण खंडन केले.

येथेच श्वाइट्झर यांच्या साधनेतील उणीव सांगणे प्राप्त आहे. मी तुमचा बंधू, परंतु ज्येष्ठ बंधू, अशी आफ्रिकनांशी आपल्या नात्याची मांडणी त्यांनी केली, आणि पुढील हयातभर, 1965 साली लांबारेने येथेच देह ठेवीपर्यंत, ती फारशी बदलली नाही. अर्धशतक ज्यांच्यात काढले त्यांची भाषा ते दुभाष्यावाचून बोलू शकले नाहीत, आणि इस्पितळातील सूत्रे गोऱ्या हातांतच राहिली. नोबेल शांतता पुरस्काराचा पैसा त्यांनी महारोग्यांच्या वसाहतीला लावला, त्यांची निष्ठा वादातीत आहे. पण ज्याने स्वतःला ऋणको म्हटले, त्याने परतफेडीच्या वेळी सावकाराच्या गादीवर बसून राहावे, ही विसंगती थोरवीच्या झगमगाटाखाली झाकून ठेवता येणार नाही. कर्ज कबूल करणे हा अर्धाच धर्म होय. ज्याचे देणे आहे त्याला बरोबरीच्या आसनावर बसवणे हा उरलेला अर्धा.

हा विचार केवळ ख्रिस्ती धर्मदूतांपुरता नाही. आमच्याकडेही शहरांतून सुशिक्षित तरुण सेवेच्या भावनेने मेळघाटात, गडचिरोलीत जातात, आणि परत आल्यावर आपण काय दिले याचे वृत्तान्त सभांतून सांगतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विनंती इतकीच, की निघण्यापूर्वी त्यांनी तेथील बोली शिकावी, आपल्या घरातील वीज, लाकूड आणि धरणाचे पाणी कोणाच्या भूमीतून आले याची चौकशी करावी, आणि परतल्यावर आपल्या वृत्तान्तात ‘दिले’ या सदराआधी ‘घेतले’ हे सदर लिहावे.