झाकणं आणि खोडणं

माणसाने आपलं मागचं झाकावं की खोडावं? हा प्रश्न ऋषिमुनींनी सोडवला असल्यास कल्पना नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तो अजून लोंबकळतो आहे.

आमच्याकडे सभेचं इतिवृत्त पीडीएफ होऊन येतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका इतिवृत्तात थकबाकीदाराचं नाव मोठ्या सभ्यपणे काळ्या पट्टीने झाकलं होतं. शेजारची कॉलेजकन्यका म्हणाली, "काका, पट्टी नुसती वर ठेवलीय. तेवढा भाग कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की नाव हजर!" म्हणजे भिंतीला ओल आली की आपण वर कॅलेंडर टांगतो, तसलाच प्रकार. खरंच लपवायचं तर पट्टीखालची अक्षरंच काढून टाकावी लागतात.

मग तिने पीडीएफची कुंडलीच मांडली. जन्म १९९३, घराणं अ‍ॅडोबी. २००८ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा मान. गंमत म्हणजे यंत्र ही फाइल शेवटून वाचायला घेतं. तिथे एक आकडा असतो, तो अनुक्रमणिकेचा पत्ता. आणि कुठला तुकडा कुठे ठेवलाय हे अनुक्रमणिका सांगते. दुरुस्ती करताना पुष्कळदा जुनं पुसतच नाहीत. नवा मजकूर आणि नवी अनुक्रमणिका शेवटी जोडतात. जुनं आत पडून राहतं. यंत्र मात्र ताज्या अनुक्रमणिकेचं ऐकतं.

अहो, हा तर आपला सातबारा! तिथेही फेरफार झाला की जुन्या नावाला कंस पडतो. हल्ली वर आडवी रेघही ओढतात, पण नाव वाचता येतं. (२०१८पासून सातबारा डिजिटल सहीनिशी पीडीएफमध्येच मिळतो. सोयरीक जमली म्हणायची!) हा कंस मला आवडतो. 'हे होतं, आता नाही,' एवढं सांगून तो गप्प बसतो. काळी पट्टी मात्र 'इथे काहीतरी आहे बरं का!' असं ओरडते, आणि अख्खी बिल्डिंग तिच्याखाली बोट घालते.

घातलंच बोट. त्या गृहस्थांनी पुढच्याच दिवाळीत व्याजासकट पैसे भरले, तरी जिन्यात ते अजून 'थकबाकीवाले'च आहेत. पैशांची पावती फाटली, नावाला कंस काही पडला नाही.

चाळीत बरं होतं असं नव्हे. पार्टिशनपलीकडचं भांडण सगळ्यांनाच ऐकू यायचं. पण सकाळी नळावर ते कुणीच ऐकलेलं नसायचं. हे ढोंग होतं की माणुसकी? मला वाटतं, माणुसकीच. कळणं आपल्या हातात नसतं. कळलेलं कितीदा उगाळायचं, हे असतं.

'विसरा' म्हटल्याने कुणी विसरत नाही. यंत्रही विसरत नाही. पण शेवटच्या नोंदीपासून सुरुवात करायची, एवढं जर त्या निर्जीव यंत्राला जमतं, तर आमच्या ए विंगला जमायला हरकत नसावी. हवं तर पुढच्या सभेत ठराव मांडू. इतिवृत्तात येईलच, फक्त पट्टी नको.