न कापलेलें गवत

आपल्या हातून घडलेल्या कृत्याबद्दल मनुष्य जबाबदार असतो, हें कोणासहि समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु हातून जें घडलेंच नाहीं, त्याबद्दल त्यास कितपत जबाबदार धरावें, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत तो फार सूक्ष्म भासतो. राजापूर तालुक्यांतील नाटे गांवच्या सड्यावर मात्र फाल्गुन-चैत्रांत तो धुरासह डोळ्यांपुढें उभा राहतो.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचें पठार. जून ते सप्टेंबरच्या पावसांत त्यावर गवत माजतें, दिवाळीनंतर पिवळें पडतें, आणि माघ सरतां सरतां त्याचें सरण होतें. त्याला लागूनच आंब्याकाजूच्या बागा. विडीचें थोटुक, विजेच्या तारांची ठिणगी किंवा भाजावळींतून निसटलेली ज्वाळा, एवढें निमित्त पुरे होतें. दुपारीं समुद्रावरून वारा सुटला कीं वणवा पाहतां पाहतां गडगा ओलांडतो. काजूचें झाड फळास येण्यास तीन-चार वर्षें लागतात. करपण्यास घटकाहि लागत नाहीं.

म्हणून शहाणा बागाईतदार पावसाळा संपल्यावर बेणणी करतो आणि हद्दीलगतचें गवत कापून मोकळा पट्टा राखतो. वनखात्याच्या भाषेंत हीच जाळरेषा. पण शेजारच्या सामायिक जमिनीचें काय? सातबाऱ्यावर डझनभर नांवें, त्यांतलीं बहुतेक मुंबईस. तेथें कोयता कोणीं चालवावा? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें राखीव वनांत आग लावणें गुन्हा ठरविलें, आणि वनांत हक्क असणारांवर ती विझविण्यास साह्य करण्याचें कर्तव्यहि घातलें. पण खाजगी सड्यावरचें वाळलेलें गवत हा त्याचा विषय नाहीं. फ्रान्समध्यें अरण्यानजीकच्या घराभोंवतीं ५० मीटरपर्यंत झाडोरा विरळ करणें मालकावर बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियांत वणव्याच्या टापूंतील घरांस हीच मर्यादा १०० फुटांची आहे. तेथें न कापणाराहि उत्तरदायी ठरतो.

असा नियम आपल्याकडे असावा काय? यावर ‘जमीन आमची, कापूं किंवा न कापूं’ असें म्हणणाराचा आक्षेप आम्हांस टिकाऊ वाटत नाहीं. विस्तव सातबारा वाचीत नाहीं. पण दुसरा आक्षेप गंभीर आहे. गांवांत मागें राहिलेल्या एखाद्या वृद्ध बाईस मजूर मिळत नाहीं आणि मिळाला तर मजुरी परवडत नाहीं. दंडाचा नियम केला तर तो नेमका तिच्या दारीं जाईल, मुंबईच्या पत्त्यावर जाणार नाहीं. शिवाय गवत म्हणजे केवळ केर नव्हे; तें गुरांची वैरण आहे, पक्ष्यांचें घरटें आहे, मातीचें पांघरूण आहे. सारा सडा बोडका करणें हाहि शहाणपणा नाहीं.

तेव्हां आमच्या मतें नियम हद्दीवरच्या पट्ट्यापुरता असावा, आणि त्याचें ओझें शक्तीप्रमाणें वांटलेलें असावें: जो गांवांत आहे त्यानें श्रम द्यावे, जो दूर आहे त्यानें पैसा द्यावा. पावसाळ्यानंतर ओढ्यावर बंधारा घालण्यास कोंकणांतलीं गांवें श्रमदानानें एकत्र येतात. पाण्यासाठीं जें साधतें तें आगीसाठीं कां साधूं नये? ग्रामसभेनें एकदां मनावर घेतलें तर मार्ग निघेल.

हा उपदेश करण्याचा आमचा अधिकार थोडा आहे, हें सांगणें प्राप्त आहे. अशाच एका सामायिक सातबाऱ्यावर आमचेंहि नांव आहे. आम्ही दरवर्षीं गणपतीस गांवीं जातों, हिरवें गवत पाहून संतोष पावतों, आणि तें पिवळें पडण्यापूर्वींच परततों. एका उन्हाळ्यांत आमच्या जमिनीवरून विस्तव शेजाऱ्याच्या काजूंत शिरला. ठिणगी कोणाची, हें कळलें नाहीं. गवत मात्र आमचें होतें. पुढल्या गणपतींत शेजारी नेहमींप्रमाणें आरतीस आला, प्रसाद घेतला, आणि काजूंविषयीं अवाक्षरहि बोलला नाहीं. त्यानें आम्हांस दोष दिला असता तर आम्हीं कदाचित् आपला बचाव केला असता. तो गप्प राहिला, त्यामुळें बचाव करण्यासारखें आमच्यापाशीं कांहींच नव्हतें, हें आम्हांस कळून आलें. त्या वर्षापासून दिवाळी होतांच आम्ही बेणणीचे पैसे धाडतों. जळलेलीं झाडें मात्र त्यामुळें उभीं राहिलेलीं नाहींत.