पाळणा आणि वारस

शिवजयंतीला शिवनेरीवर पाळणा होतो. १९ फेब्रुवारीला पहाटेपासून सात दरवाजे चढून माणसं वर येतात. काही पोरं रात्रभर हातात ज्योत घेऊन पळत आलेली असतात. पुढारी येतात, बंदोबस्त येतो, भाषणं होतात. पण मुख्य काम बायकांचं. पाळण्याची दोरी त्यांच्या हातात, गाणं त्यांच्या तोंडी. त्या पाळण्यात जिवंत लेकरू नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दोरी ओढताना बायांचा हात जसा हलका होतो तो बघण्यासारखा असतो. घरच्या बारशाला जी चाल, तीच इथं. राम, कृष्ण, शिवबा आणि आपल्या घरातलं बारा दिवसांचं पोर, सगळ्यांना एकच चाल पुरते. जन्म १६२७ चा की १६३० चा यावर पंडितांनी वर्षानुवर्षं वाद घातला. आजही कुणी तारखेनं करतं, कुणी फाल्गुन वद्य तृतीयेला. बाया दोन्ही दिवशी गातात.

गडावर एक घोषणा हमखास ऐकू येते, आम्ही शिवरायांचे वारस. ऐकून छाती फुगते, माझीही फुगते. पण शेतकऱ्याच्या कानावर वारस हा शब्द पडला की त्याला तलाठी आठवतो. वारस म्हणजे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, फेरफार, सातबारा. मग मनात येतं, वारस ठरतो कशानं? रक्तानं, कागदानं, की ज्यानं आठवण सांभाळली त्याच्यामुळं?

आमच्या आजोबांच्या वेळची वंशावळ माझ्याकडे आहे. पाच पिढ्या, आणि त्यात बाईमाणसाचं एक नाव नाही. वाचणाऱ्याला वाटावं, आमच्या घराण्यात बाप्यांनाच बाप्ये झाले.

हे सगळं जुन्यापासून असंच चालत आलंय, असं कुणी म्हणालं तर मी त्याला नाणेघाटात न्यायला तयार आहे. आमच्याच तालुक्यातला घाट. दगडी रांजणाशी फोटो काढून लोक परत फिरतात, लेण्यात फार थोडे थांबतात. आत दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ किती केले, गाई, घोडे, कार्षापण किती दान दिले, याचा हिशोब त्यात आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. ते फुटून गेले, डोक्यावरची नावं तेवढी राहिली. त्यात सिमुक आहे, आणि देवी नायनिका आणि राजा सातकर्णी ही नावं एकत्र कोरलेली आहेत. पुढच्या राजांनी तर आईचं नाव आपल्या नावाआधी लावलं. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. एवढ्यावरून तेव्हा बायकांचं राज्य होतं असं मी म्हणणार नाही. राजाला राण्या अनेक, कोणत्या राणीचा मुलगा हे कळावं म्हणूनही आईचं गोत्र सांगत असतील. पण आईचं नाव सांगितल्यानं वंश बुडत नाही, एवढं तर त्या दगडानं सिद्ध केलंय.

दुसरा दाखला नारायणगावचा. विठाबाई नारायणगावकर. नऊ महिन्यांच्या पोटानं बोर्डावर नाचल्या, कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडून पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगतात. लोक ही गोष्ट हळहळून सांगतात आणि तिथंच थांबतात. मला त्याच्या पुढची गोष्ट मोठी वाटते. भाऊ-बापूंचा फड विठाबाईंनी नावारूपाला नेला आणि पुढं मुलगी मंगला बनसोडे यांनी तमाशा चालवला. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं त्यांच्यात कला बापाकडून लेकीकडं आणि लेकीकडून नातीकडं गेली. तिथं कुणी हक्कसोड लिहून मागितलं नाही.

हक्कसोड हा शब्द आमच्या घरात सध्या रोज निघतो. वडील गेले, वारस नोंद करायची आहे. आम्ही दोघं भाऊ, एक बहीण. बहीण दिलेली आंबेगावकडं, घोड नदीच्या खोऱ्यात. सासरची जमीन डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेली, जुनं आंबेगावच गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. पुतणे म्हणतात, आत्याची सही घेऊन टाकू, सगळेच घेतात. त्यांचं अगदीच खोटं नाही. पाच एकराचे तुकडे पडत गेले तर कांदा लावायला वाफा उरायचा नाही. लग्नात खर्च झाला, दिवाळीला चोळीबांगडी जाते, हेही ते मोजून दाखवतात. पण जमिनीचे तुकडे दोन भावांत होतात तेव्हा एवढी काळजी कुणाला वाटत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. कायदा तर स्पष्ट आहे. महाराष्ट्रानं १९९४ सालीच त्या दिशेनं पाऊल टाकलं, २००५ साली देशभर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. कायदा घरात शिरत नाही, तो उंबऱ्यावर सहीची वाट बघत बसतो.

माझं मत असं, की ज्या बाईला आपण पाळणा म्हणायला बोलावतो, तिला कागदावर नको म्हणायचं, हे जमणार नाही. याच दोन्ही पुतण्यांच्या बारशाला पाळणा तिनंच म्हटला होता. त्यांच्या कानात नावही तिनंच सांगितलं.

परवा नवी वंशावळ लिहायला बसलो. ठरवलं, बायकांची नावं घालायची. आई लिहिली, आजी लिहिली. पणजीपाशी अडलो. थोरल्या चुलत्याला विचारलं, भावकीत फोन केले, जुने कागद चाळले. कुणालाच ठाऊक नाही. शेवटी बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "दादा, थांब जरा," आणि पाळणा गुणगुणायला लागली. आमच्या घरच्या पाळण्यात बाया शेवटी घरातल्या सासवांची नावं गुंफतात. चौथ्या की पाचव्या कडव्याला ती थांबली आणि पणजीचं नाव सांगितलं. माहेरच्या गावासकट.

मी ते लिहून घेतलं. तिच्या सहीचं अजून ठरलेलं नाही. पुतणे दोन दिवस बोलत नाहीत. सोमवारी तलाठी गावात येणार आहेत.