जीर्ण म्हणजे जुनं नव्हे



आज गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक. तोच तो, कपडे बदलण्याच्या दृष्टांताचा. कुणी गेलं की हा श्लोक आपण एकमेकांना पाठवतो. आणि खरं सांगायचं तर नवा फोन घेतानाही गमतीत तोच पुढे करतो: जुनं टाका, नवं घ्या, भगवंतानेच सांगितलंय! पण श्लोकातला शब्द 'जुनं' असा नाही, 'जीर्ण' असा आहे. या दोन शब्दांत किती अंतर आहे, यावर आमच्या घरी यंदा दोन महिने चर्चा चालली. विषय अध्यात्माचा नव्हता, गाडीचा होता.

गाडी मोताळ्याला असते, आईवडिलांकडे. मी पुण्यात. २०१० साली घेतलेली आठशे सीसीची छोटी गाडी, एमएच-२८ पासिंगची, तेव्हाच्या सगळ्यात स्वस्त गाड्यांपैकी एक. तिची कामं ठरलेली. मलकापूर स्टेशनवरून पाहुण्यांना आणायचं, बुलढाण्याला दवाखान्यात जायचं, शेतावर खताची पोती न्यायची आणि वर्षातून चार-पाच वेळा शेगाव. राजूर घाट तिने किती वेळा चढला-उतरला, त्याची मोजदाद नाही.

मागच्या वर्षी ती ऑइल खायला लागली, धूर मारायला लागली. ऑफिसातल्या मित्रांचा हिशेब सोपा होता: दुरुस्तीला तीस हजार, विकली तर साठसुद्धा येणार नाहीत, मग कशाला पैसे घालायचे? वडिलांचं म्हणणं वेगळं. "इंजिन खोलून भरलं का नव्यासारखंच होते. गाडी काहून बदलाची?"

वडिलांचा हिशेब जास्त बरोबर होता, असं माझं मत आहे. दुरुस्तीचा खर्च विक्रीच्या किमतीशी ताडून बघण्यात अर्थ नाही, कारण आपल्याला गाडी विकायचीच नसते, वापरायची असते. ताडायचं ते त्या वापराशी. तीस हजारांत ही गाडी अजून वर्ष-दोन वर्षं चालणार असेल, तर नव्या गाडीच्या कर्जाचं व्याज, विमा आणि शोरूमबाहेर पडताच घटणारी किंमत यांच्यापुढे ते काहीच नाहीत. आपल्या धंद्यात तर हे कळायला हवं. नेटस्केपने १९९८ मध्ये जुना कोड टाकून ब्राउझर नव्याने लिहायला घेतला, पुढची आवृत्ती बाजारात यायला २००० उजाडलं, तोवर मैदान दुसऱ्याच्या हातात गेलं होतं. जुन्या कोडमध्ये घाण असते तशी वर्षांची शहाणीवही असते. तर आम्ही रिंग बदलल्या, क्लच प्लेट टाकली आणि गाडी चालली.

यंदा तिला पंधरा वर्षं झाली. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. गंमत बघा, कायद्यातही हे दोन शब्द वेगवेगळे आहेत. दिल्लीत हवेच्या प्रश्नावरून दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद करण्याचा आदेश निघाला, तो २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. तिथे वय मोजलं, म्हणजे 'जुनं'. आपल्याकडे गाडी तपासणीत टिकते का ते बघतात, म्हणजे 'जीर्ण'. श्लोकाच्या जवळचा नियम दुसरा.

नोंदणीला न्यायच्या आधी मिस्त्रीने गाडी वर उचलली. पुढच्या चाकाचा लोअर आर्म जिथे बसतो, तिथल्या पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि तो आरपार गेला. ट्रकला वेगळी चासी असते, तशी या गाड्यांना नसते. तळ, खांब, बाजूचे पत्रे मिळूनच सांगाडा होतो. इंजिन हा भाग आहे, भाग बदलता येतो. सांगाडा सडला तर बदलायचं काय? मिस्त्री म्हणाला, "पट्टी मारून देतो, पासिंगबी होऊन जाईन. पन घाटात मी नाही बसनार इच्यात."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. माणसांना धरून ठेवायचं काम जे करतं, ते ते काम करेनासं झालं की वस्तू जीर्ण. बाकी सगळं फक्त जुनं. २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. आमच्या गाडीत दोन्ही नाहीत, पण तेवढ्यावरून मी तिला जीर्ण म्हणणार नाही. अर्धा तालुका अजून मोटरसायकलवर आणि काळीपिवळीत फिरतो. पुण्यात बसून त्यांना सुरक्षेचं कीर्तन ऐकवणं सोपं आहे.

वडिलांना मात्र पटत नव्हतं. "मांगल्या वर्षीच तीस हजार टाकले ना आपुन तिच्यात." मंडळी, आसक्ती अशी हिशेबाच्या वहीतून येते. ते तीस हजार गेले, आणि फुकट गेले नाहीत: वर्षभर दवाखाना झाला, शेगाव झालं. त्या कर्माचं फळ घेऊन झालंय. पुढच्या निर्णयात ते पुन्हा मागायचं नाही. मी हे फोनवर सांगितलं, पण व्याख्यानाचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो शल्यपर्वातल्या गोष्टीचा.

युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, गांडीव आणि भाते घे आणि आधी तू उतर. एरवी सारथी आधी उतरतो, इथे उलटं. अर्जुन उतरतो, मग भगवंत उतरतात, ध्वजावरचा मारुती निघून जातो (एका अख्ख्या पिढीची पहिली गाडीही मारुतीच होती, असो) आणि रथ पेटून राख होतो. द्रोण आणि कर्णाच्या अस्त्रांनी तो केव्हाच जळला होता, भगवंत बसले होते म्हणून टिकला. म्हणजे काम बाकी होतं तोवर भगवंतांनी तो जळका रथही चालवला. आणि काम झाल्यावर एक क्षण थांबले नाहीत, फक्त माणूस आधी खाली उतरवला. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुह्या मायले बसवून घाट उतरतो मी त्याच्यात."

निर्णय झाला असं वाटलं, पण खरा प्रश्न पुढेच होता. अर्जुनाच्या रथाची राख झाली, तो कुणी सेकंडहँड घेतला नाही. आमच्या गाडीला मात्र गिऱ्हाईक आलं. ओळखीतला माणूस, भंगारापेक्षा पंधरा हजार जास्त देणारा. त्याला ती गावाकडची शाळेची पोरं ने-आण करायला हवी होती. पत्र्याचं आम्ही खरं सांगितलं. तो म्हणाला, चालते, पट्टी मारून घेतो.

खरं सांगितलं की आपण मोकळे, असं आपण धरून चालतो. विकणाऱ्याने सांगितलं, घेणाऱ्याने ऐकलं, व्यवहार स्वच्छ. पण मागच्या सीटवर जी आठ पोरं बसणार, त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, त्यांचा होकार कुणी घेतलेला नाही. आत्म्याने टाकलेलं वस्त्र पुन्हा कुणी अंगात घालत नाही. आपण टाकलेली गाडी मात्र कुणीतरी चालवतं, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा गरीब माणूस. त्यागाबद्दल एवढं वाचतो आपण, पण टाकलेली वस्तू कुणाच्या अंगावर पडते, हे बघणंही त्यागातच येतं असं मला वाटतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये स्क्रॅप धोरण सुरू झालं. सरकारमान्य केंद्रावर गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नोंदणी रद्द होते आणि नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. पंधरा हजारांचा फरक त्यातून भरून निघेलच असं नाही. वडिलांनी त्या माणसाला स्वतः फोन करून नाही म्हटलं. तो नाराज आहे. त्यालाही गाडीची गरज खरीच होती, आणि दुसरी कुठली तरी, कदाचित याहून सडकी, तो घेईलच. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सध्या आईवडील एसटीने जातात, दवाखान्याच्या दिवशी भाड्याची गाडी करतात. एअरबॅगवाली वापरलेली गाडी बघणं चालू आहे. केंद्रवाले पुढच्या आठवड्यात टोचन लावून न्यायला येणार आहेत. काल वडिलांनी फोनवर कागदपत्रांची यादी लिहून घेतली आणि शेवटी म्हणाले, डॅशबोर्डवरचा महाराजांचा फोटो मी आधीच काढून ठेवला.