‘काही नाही’ म्हणणाऱ्या बायका

बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात लोकांच्या आरोग्याची पाहणी झाली. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आपण आजारी आहोत किंवा तब्येत तितकीशी बरी नाही. असं सांगणाऱ्या विधवा अवघ्या अडीच टक्के. अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे अनेकदा मांडले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. ज्या बाईच्या ताटात उरलंसुरलं पडायचं, तीच दुष्काळानंतर सगळ्यांत ठणठणीत कशी? ठणठणीत नव्हतीच ती. आपलं दुखणं मोजण्याजोगं आहे, असं तिला कुणी कधी वाटूच दिलं नव्हतं.

ही बाई आपल्याकडेही घरोघरी आहे. गुडघा धरून उठते, भिंतीचा आधार घेत मोरीत जाते आणि विचारलं तर म्हणते, ‘मला काय धाड भरलीय!’ सोयी वाढल्या आहेत, हे मान्य करायलाच हवं. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. आयुष्मान भारत योजना २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना खुली झाली. तरी मोतीबिंदू पिकत राहतो, कारण तालुक्याला सोबत कोण जाणार? सून गेली तर तिचा रोज बुडतो. डॉक्टर ‘पुढच्या बुधवारी या’ म्हणाले, की दुसराही बुडतो. आयुष्मान कार्डाचा ओटीपी मुलाच्या फोनवर येतो आणि मुलगा असतो पुण्यात. हा सगळा हिशेब म्हातारी मनातल्या मनात करते आणि ‘काही नाही’ म्हणून मोकळी होते. आपण तिला सोशिक म्हणतो. मला त्या कौतुकाचा राग येतो, कारण त्याच्या आडून आपण सगळे सुटतो.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांना तपासलं. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता. आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या वहीत नोंद नाही म्हणजे आजार नाही, असं धरून चालणाऱ्यांना ते मोठंच उत्तर होतं. त्या बायकांपर्यंत कुणीतरी गेलं, नीट विचारलं, तपासलं, तेव्हा कुठे दुखणं बाहेर आलं.

म्हातारपणी तर हे विचारणं आणखी जपून करावं लागतं. ‘आजी, बरं आहे ना?’ याला उत्तर एकच येतं. त्याऐवजी सुईत दोरा ओवता येतो का, रात्री कितीदा उठावं लागतं, खोकताना लघवी होते का, अंग बाहेर येतं का, असं विचारावं. आणि तेही मुलगा, सून, नातवंडं समोर नसताना. गावातल्या आरोग्यसेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या, फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी तोल जातो का, रोजच्या कामाला मदत लागते का, असे प्रश्न आहेतच. त्यांची उत्तरं कागदावर भरून भागत नाही. गरोदर बाईला न्यायला १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका दारात येते आणि बाळंतिणीला घरी आणून सोडते. तशीच गाडी या आजीसाठीही यावी, आणि सोबत जाणाऱ्या सुनेचा बुडालेला रोज उपचाराच्या खर्चात धरून तिच्या हातात पडावा.